म्हैसूर : जिथे आयांनाही शाळेत बसावे लागते

आपल्या भागातले लोक म्हैसूरला जातात ते ठरलेल्या कारणांसाठी. शाळेची सहल असते, नाहीतर नवे लग्न झालेले असते, नाहीतर दसरा असतो. राजवाडा, चामुंडीचा डोंगर, १८९२ सालचे प्राणिसंग्रहालय, वृंदावनातली कारंजी एवढे बघायचे, म्हैसूर पाक आणि चंदनाचे साबण घ्यायचे आणि परत फिरायचे. पण बेळगावहून पहाटे सुटून रात्री म्हैसूर गाठणाऱ्या विश्वमानव एक्स्प्रेसमध्ये असेही एखादे कुटुंब भेटते, ज्याला यातले काहीच बघायचे नसते. जवळ प्लास्टिकच्या पिशवीत कागदांची फाइल आणि मांडीवर दोन-तीन वर्षांचे मूल. मूल हसरे, चुणचुणीत, खिडकीबाहेर बोट दाखवून सगळे बघणारे. फक्त मागून हाक मारली की ते वळत नाही.

ही मंडळी ‘स्पीच अँड हिअरिंग’ला निघालेली असतात. म्हैसुरात रिक्षावाल्याला एवढेच सांगितले तरी पुरते. पूर्ण नाव ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग. ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या अडचणींसाठी असलेली ही केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याची संस्था १९६५-६६ मध्ये उभी राहिली. जागा म्हैसूरच्या महाराजांनी, जयचामराजेंद्र ओडेयरांनी दिली आणि पायाभरणी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाली. तरुणपणी याच शहरात महाराजा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून गेलेला हा माणूस. संस्था मानसगंगोत्रीच्या परिसरात आहे. विद्यापीठाच्या आवाराला हे सुंदर नाव कुवेंपूंनी दिले आणि आपल्या गाडीच्या नावातला ‘विश्वमानव’ हा शब्दही त्यांचाच. त्याच परिसरात १९६९ पासून भारतीय भाषा संस्थानही आहे. म्हणजे एका आवारात देशभरच्या भाषांचा अभ्यास चालतो आणि जवळच दुसऱ्या आवारात पहिला शब्द यावा म्हणून आया दिवसदिवस बसून असतात.

मला तिकडे जावे लागले ते मावसबहिणीमुळे. ती बैलहोंगलला दिलेली. सासर कन्नड, ती स्वतः मराठी, आता चाळीस वर्षांनी दोन्हीत सारखीच भांडते. तिची सून खानापूरकडची, मराठी. नातवाला घरात सगळे चिन्नू म्हणतात. चिन्नू दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. आजोबांचे म्हणणे, “इवन अप्पनू तडवागे माताडिद,” याचा बापसुद्धा उशिराच बोलला. शेजारणींचे म्हणणे, मुलगे उशिरा बोलतात. बहिणीने एक दिवस त्याच्या मागे पितळी ताट आपटले, तर चिन्नू दचकून वळला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्यात आणखी सहा महिने गेले.

ताट आपटून कान तपासायची ही पद्धत घरोघरी आहे आणि ती फसवी आहे. ज्या मुलाला बोलणे ऐकू येत नाही त्याला मोठा दणका ऐकू येऊ शकतो. फरशीची थरथर पायाला कळते, पडणारी सावली डोळ्याला दिसते. बहिरेपणा म्हणजे सगळा अंधार, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात कमी-जास्त, अमुक आवाज येतो आणि तमुक येत नाही, असे त्याचे नाना प्रकार असतात. हजार जन्मांत एक ते तीन मुले असा लक्षणीय दोष घेऊन येतात, असे जगभर साधारण धरले जाते. यावर डॉक्टर मंडळींचा एक सोपा हिशेब आहे : एक, तीन, सहा. पहिल्या महिन्याच्या आत प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान, सहाव्या महिन्यापर्यंत मशीन आणि शिकवणे सुरू. बाळ जन्मल्यावर दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी कानात बारीक नळी घालून ओएई नावाची चाचणी करतात. तिला काही मिनिटे लागतात आणि ती दुखत नाही. चिन्नूची ती झालीच नव्हती.

संस्थेच्या ओपीडीत पहिले दोन दिवस प्रश्नोत्तरांत आणि चाचण्यांत जातात. केस पेपर काढला की एक तरुण मुलगी समोर बसून विचारत जाते. बाळंतपण कसे झाले, बाळ रडले का, पेटीत ठेवले होते का, काविळ झाली होती का, ताप डोक्यात गेला होता का. मग येतो तो प्रश्न, ज्याला आमच्याकडच्या सगळ्या बायका मान खाली घालतात : नवरा-बायको नात्यातली आहेत का?

यावर जरा थांबायला हवे. मामाची मुलगी करणे आपल्या मराठी घरांत मानाचे समजतात. कन्नड घरांत त्याच्याही पुढे जाऊन सख्ख्या मामाला भाची देण्याची रीत आहे. शेती घरात राहते, सून ओळखीची मिळते, ही कारणे मला समजतात. पण जन्मजात बहिरेपणाचा एक मोठा वाटा आनुवंशिक असतो. त्यातल्या बऱ्याच प्रकारांत आई आणि बाप दोघांकडूनही तोच लपलेला दोष आला तरच मूल बहिरे होते. रक्ताचे नाते असले की तो जुळण्याची शक्यता वाढते. नात्यातल्या प्रत्येक लग्नात असे होत नाही, आणि झाले तर तो दोष एकट्या आईचा तर कधीच नसतो. तरी ओपीडीच्या बाकावर रडताना दिसते ती आईच. सासूने बोललेले ती तिथे आठवत असते. चिन्नूच्या घरी नाते नव्हते. जन्मल्यावर जोराची काविळ होऊन तो दवाखान्यात पेटीत होता. एवढ्यावरून डॉक्टरांनी कारण ठरवले नाही, फक्त नोंद केली.

बेरा नावाची चाचणी करताना मूल झोपलेले लागते. डोक्याला तारा चिकटवून, कानात आवाज सोडून मेंदूपर्यंत काय पोचते ते यंत्रावर बघतात. त्यामुळे आदल्या रात्री मुलाला जागवायचे, पहाटे लवकर उठवायचे, गाडीत झोपू द्यायचे नाही, अशा खटपटी आया करतात. आदल्या संध्याकाळी कुक्करहळ्ळी तळ्याच्या काठी आम्ही चिन्नूला दमवत फिरवले. सकाळी फिरायला येणाऱ्यांचे हे आवडते तळे. आम्ही मात्र तिथे एकाच कामासाठी गेलो, पोराला झोप येऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी तो नेमका झोपला. अहवाल आला : दोन्ही कानांना तीव्र दोष.

सून रडली नाही. तिने एकच विचारले, “मग आता बोलणार कसा?” आपल्याकडे अशा मुलाला मुका म्हणतात, कन्नडात ‘मूग’ म्हणतात. या मुलांचा गळा शाबूत असतो, जीभ शाबूत असते. ऐकले नाही म्हणून बोलता येत नाही, एवढेच. आपण सगळेच ऐकून ऐकून बोलायला शिकलो आणि त्यासाठी मेंदूला मिळतात ती पहिली काही वर्षेच सगळ्यात सुपीक. तिथल्या घाईचे कारण हेच आहे.

कानाचे मशीन दिले की काम झाले असे घरच्यांना वाटते. खरे काम त्यानंतर सुरू होते. मशीनचा आवाज नीट कानात जावा म्हणून कानाच्या मापाचा साचा करतात. मूल वाढते तसा कान वाढतो, साचा सैल होतो, शिटी वाजते, म्हणून काही महिन्यांनी नवा साचा घ्यावा लागतो. पावसाळ्यात मशीन दमट होते म्हणून रात्री ते ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या डबीत ठेवायचे. मूल मशीन काढून फेकते, तोंडात घालते. आणि रोज सकाळी आईने एक छोटी परीक्षा घ्यायची. तोंड झाकून सहा आवाज काढायचे : आ, ऊ, ई, म्म, श्श, स्स. बोलण्यातले जाड-बारीक सगळे सूर या सहांत येतात. मूल कुठल्या आवाजाला दाद देत नाही ते पाहिले की मशीन बिघडले का, बॅटरी उतरली का, ते कळते. सून आता हे दात घासण्याइतक्या सहजपणे करते.

संस्थेच्या बालवर्गात मुलासोबत आईने किंवा घरातल्या कोणी तरी बसायचे असते. वर्ग भाषेप्रमाणे असतात. मुलाला शिकवतात, पण त्याच वेळी आईचे शिक्षण चालू असते. मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून बोल. घरातल्या आवाजातून तुझा आवाज वेगळा काढ. ‘दूध’ एवढे एकच न म्हणता ‘दूध गरम आहे, फुंकर घाल, आता पी’ असे पूर्ण बोल. तू बोललीस की थांब, त्याला पाळी दे. आपल्या बायका कामाच्या रगाड्यात मुलांशी फारसे बोलत नाहीत, हे मला तिथे बसल्यावर जाणवले. ऐकू येणारी मुले इकडचे-तिकडचे ऐकून शिकतात म्हणून ते खपून जाते. या मुलांना तसा आडून ऐकण्याचा खुराक मिळत नाही, जे मिळते ते समोर बसून दिलेले.

शहरात रोटरी वेस्ट आणि कर्णबधिर मुलांच्या पालकांच्या संघटनेने मिळून चालवलेली एक शाळाही आहे. तिथे तर आई रोज विद्यार्थिनीच असते, तीही काही वर्षे. लांबच्या गावांहून आलेल्या आया म्हैसुरात खोली घेऊन राहतात, मुलाबरोबर शिकतात आणि मग मूल साध्या शाळेत घालायला गावी परततात.

खोली घेऊन राहणे हे मात्र ऐकायला सोपे आहे. नवरा गावी, शेत नाहीतर नोकरी सांभाळणार. भाडे दोन ठिकाणचे, चूल दोन ठिकाणची. मोठे मूल असेल तर ते आजीपाशी सोडायचे आणि त्याचा रुसवा फोनवर झेलायचा. सुनेने अकरा महिने असे काढले. सरकारी साध्या बसमध्ये राज्यातल्या बायकांना जून २०२३ पासून तिकीट पडत नाही, त्याचा तिला शहरात रोजच्या जाण्या-येण्याला उपयोग झाला. बाकी आधार मिळाला तो शेजारच्या खोल्यांतून. एक केरळची, एक रायचूरकडची, एक हासनची आणि ही खानापूरची. एकीचे मूल तापले की दुसरी भात टाकायची. रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर दिवे लागतात तेव्हा सगळ्या आपापली पोरे घेऊन जायच्या. सुनेचे कन्नड तिथे खरे पक्के झाले. लग्नानंतर चार वर्षांत बैलहोंगलात झाले नव्हते तेवढे.

आणि इथेच आपल्यासारख्या घरांचा खरा प्रश्न येतो. पहिल्याच दिवशी विचारतात, “मनेयल्लि याव भाषे माताडतीरि?” घरात कुठली भाषा बोलता? केरळच्या बाईने एका शब्दात उत्तर दिले. आमच्यात चर्चा झाली. आई मराठी, आजोबा कन्नड, बाप दोन्ही, आजी दोन्ही. नातलगांचे सल्ले तर विचारू नका. एक म्हणाला, मराठी सोडून द्या, शाळा कन्नडच आहे. दुसरा म्हणाला, दोन्ही सोडा आणि इंग्रजी धरा, पुढे तेच लागणार. बिचाऱ्या सुनेने आठवडाभर “कम, सिट, मिल्क” असे बोलून पाहिले. मिल्क म्हणून झाल्यावर पुढे काय बोलायचे ते तिला सुचेना. दुधाबद्दल तिला जे काही ठाऊक होते ते सगळे मराठीत होते.

पूर्वी अशा घरांना ‘एकच भाषा धरा’ असा सरसकट सल्ला दिला जाई. आता जाणकारांचे मत बदलले आहे. लवकर मशीन मिळाले आणि घरात भरपूर बोलणे झाले तर ही मुले दोन भाषाही शिकतात, दोन भाषांमुळे बोलणे खुंटत नाही, असे अनुभवाने आणि अभ्यासाने दिसून आले आहे. तिथल्या शिक्षिकेने सुनेला विचारले, तुम्ही रागावता कुठल्या भाषेत? झोपवताना गाता कुठल्या? ती म्हणाली, मराठीत. मग तीच बोला, शिक्षिका म्हणाली. आजोबांना त्यांची बोलू द्या. फक्त एका वाक्यात दोन्हीची खिचडी नको आणि प्रत्येकाने आपली भाषा सोडू नये.

मराठी बोलणारी शिक्षिका मिळेलच असे म्हैसुरात धरून चालता येत नाही. वर्गात धडा कन्नडात व्हायचा, खोलीवर आल्यावर सून तोच मराठीत घ्यायची. सकाळी ‘नीरु’, दुपारी ‘पाणी’. तिला एक गंमत तिथे कळली. ओठांकडे बघून बोलणे ओळखणाऱ्याला प, ब आणि म हे तिन्ही एकसारखेच दिसतात. आरशासमोर पापा, बाबा, मामा म्हणून बघा. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या लेखी बाप आणि मामा हा एकच शब्द आहे. म्हणून ओठ बघून भागत नाही, मशीनमधून ऐकायची सवय लावावी लागते.

चिन्नूने पहिल्यांदा स्पष्ट म्हटले ते ‘बा’. सुट्टीला बैलहोंगलला आले होते तेव्हा. आजोबांना वाटले कन्नडातले ‘ये’ म्हणतोय, ते खुर्चीतून उठले. त्याच्या वडिलांना वाटले मलाच हाक मारली. दोघेही धावले. कोणाला म्हटले ते अजून ठरलेले नाही.

मशीनने पुरेसे ऐकू येत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटचा मार्ग असतो. शस्त्रक्रिया करून कानाच्या आत तारा बसवतात आणि बाहेर एक यंत्र लावतात. खर्च लाखांत जातो. केंद्राच्या एडिप योजनेत उत्पन्नाच्या अटीवर तो मिळू शकतो, पण जन्मजात दोष असलेल्या मुलांसाठी वयाची मर्यादा साधारण पाच वर्षांची आहे. इथेही घरी ‘बघू, बोलेल’ म्हणत घालवलेले महिने भोवतात. योजनेबद्दल बोलताना लोक एक गोष्ट सांगत नाहीत. यंत्र फुकट मिळाले तरी हमीचा काळ संपल्यावर त्याच्या तारा, बॅटऱ्या, दुरुस्ती हा खर्च घरचाच. शस्त्रक्रियेनंतरही यंत्राचे सूर जुळवून घेणे आणि शिकवणे वर्षानुवर्षे चालते. तेवढी तयारी नसलेल्या घरांत इम्प्लांट कपाटात पडलेला असतो, अशा गोष्टी त्या बाकांवर ऐकायला मिळतात.

आणि सगळीच मुले बोलतात असे नाही. उशिरा आलेली, दुसरी एखादी अडचण असलेली मुले असतात. त्यांच्यासाठी खुणांची भाषा हा हार मानण्याचा मार्ग आहे, असे अजून पुष्कळ घरांत समजतात. मला ते पटत नाही. सात वर्षांच्या मुलाशी घरात कोणाला काही बोलताच येऊ नये, यापेक्षा आईने खुणा शिकाव्यात हे शंभर पटींनी बरे. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत २०१५ मध्ये स्वतंत्र केंद्र झाले आहे. ती व्याकरण असलेली पुरी भाषा आहे.

प्रत्येकाने म्हैसूरच गाठले पाहिजे असेही नाही. बेरा चाचणी आता बेळगाव, हुबळी-धारवाडला होते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येऊन मुले तपासतात आणि संशय आला तर जिल्हा पातळीवरच्या केंद्राकडे पाठवतात. अंगणवाडीताईंना ‘मूल हाकेला वळत नाही’ एवढे सांगितले तरी सुरुवात होते. ज्यांना सगळे मराठीतून हवे त्यांना मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची. पण आपल्या बऱ्याच लोकांना कागदपत्रे, योजना, पुढची शाळा सगळे कर्नाटकातच करायचे असते, म्हणून पावले म्हैसूरकडे वळतात. संस्था केंद्राची असल्याने खर्च खासगीपेक्षा खूपच कमी येतो.

जाणाऱ्यांनी मुलाचे जन्माचे सगळे कागद न्यावेत, पेटीत ठेवले असेल तर दवाखान्याचे डिस्चार्ज कार्डही. आधार, रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला लागतोच. अपंगत्वाचे यूडीआयडी कार्ड पुढे योजनांसाठी काढावे लागते, त्याची तयारी आधीच ठेवावी. एका दिवसात काम होईल या हिशेबाने जाऊ नये, निदान तीन दिवस धरावेत. सोबत घरातला एखादा पुरुष असावा, कारण तिथे सांगितलेले त्यानेही ऐकलेले बरे असते. मुलाचे आवडते खेळणे आणि खाऊ विसरू नये. बाकीचे तिथल्या बाकावर आधीपासून बसलेली एखादी आई सांगेल. भाषा कुठलीही असो, त्या बाया सांगतात.